चार पुड्यांची नोंद

कुणाचं कौतुक करणं मला सहजासहजी जमत नाही. मिरचीच्या धंद्यात मालाचं तोंडावर कौतुक केलं की मालक लगेच भाव चढवतो, आणि माणसंही तशीच असतात, असा माझा अनुभव आहे. पण धुळ्याच्या कोर्टाच्या दारावर एक पोलीस बाई उभी असायची. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय माझ्या आयुष्याची हकिकत पुरी होणार नाही. तिच्यामुळे माझा धंदा वाचला, आणि त्याच अर्ध्या तासात तिनं भर कोर्टात माझी फजितीही केली. त्या फजितीचा राग अजून माझ्या पोटात आहे. तिच्याबद्दलचा मान मात्र त्या रागापेक्षा मोठा आहे.

आधी माझं सांगते. माझं माहेर जळगाव जिल्ह्यातलं, सासर दोंडाईच्याचं. लग्न होऊन आले तेव्हा मिरचीची फक्त खायची ओळख होती. सासरी आल्यावर चौथ्या दिवशी मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला बसले. पथारी म्हणजे मोकळ्या रानात वाळत टाकलेली मिरची. नजर पोचेल तिथपर्यंत जमीन लाल, आणि त्यात तोंडाला फडकं बांधून ओळीनं बसलेल्या बायका. संध्याकाळी हात असे भाजायचे की मी ते ताकाच्या भांड्यात बुडवून बसायची. पहिल्या हंगामात रडले. दुसऱ्या हंगामात मालाची पारख शिकले. तिसऱ्या हंगामात शेजारणीचं एक पोतं माझ्या बोलीनं विकून दिलं आणि तिला पथारीच्या मुकादमानं दिला असता त्यापेक्षा जास्त भाव मिळवून दिला. तिथून पुढे कुणाच्या पथारीवर बसले नाही. खेड्यापाड्यांतून दोन-दोन पोती गोळा करायची, एसटीच्या टपावर टाकायची आणि धुळ्याला आणायची. असं करत नव्वदच्या आगेमागे मी धुळ्याच्या बाजारात बोली लावायचा परवाना काढला. माझ्या आधी तिथे मिरचीच्या लिलावात बाई उभी राहिली नव्हती.

परवाना मिळाला तरी लोकांकडून मान मिळत नव्हता. त्यातला एक व्यापारी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. पूर्वी मिरचीचा भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा आणि एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना कळत नसे. पुढे उघडी बोली आली आणि रुमालाची पद्धत नियमानं बंद झाली. पण हा माणूस मी समोर दिसले की मुद्दाम रुमाल पसरायचा आणि म्हणायचा, "या आक्का, घाला हात." बाकीचे हसायचे. मी कधी ऐकलं न ऐकलंसं केलं, कधी शिव्या दिल्या. शिव्या देण्यात मी कमी नव्हते.

एके दिवशी मी ढिगात हात घालून मिरची चुरून बघत होते. ओल किती, बी किती, रंग कसा, हे हातावर चुरल्याशिवाय कळत नाही. मुठीत बी आणि लाल धूळ होती. त्यानं रुमाल पसरला आणि नेहमीपेक्षा एक घाणेरडा शब्द जास्त बोलला. तो शब्द मी लिहिणार नाही. मी वळले, हात झटकला गेला, आणि तो डोळे धरून खाली बसला. मी वर्षभर सगळ्यांना असंच सांगितलं, की हात झटकला गेला.

त्यानं पोलिसांत सांगितलं ते वेगळं. बाईनं कमरेच्या पिशवीतून मिरची पुडीची पुडी काढली आणि डोळ्यांत फेकली, असं. डॉक्टरांचा कागद होता, डोळे लाल आणि पापण्या सुजलेल्या. माझ्या वकिलांनी मला साध्या भाषेत समजावलं. पुडी घरून बांधून आणलेली ठरली तर ती हत्यार ठरते आणि मी ठरवून मारणारी. हातावरची धूळ ठरली तर तो धंद्यातला अपघात. आणि बाजारातून मला तोंडी निरोप होता की शिक्षा लागली तर मार्चनंतर परवाना नवा करून मिळणार नाही. दंड भरला असता मी, एक-दोन दिवस आतही बसले असते. पण परवाना गेला असता तर मी पुन्हा पथारीवर. माझं सगळं त्या एका प्रश्नावर टांगलेलं होतं, पुडी की धूळ.

सरकारी वकिलांचा सगळा जोर एकाच मुद्द्यावर होता. हातावरच्या धुळीनं माणसाचा डोळा इतका सुजत नाही, त्याला पुडीच लागते. मिरचीत जन्म काढलेल्या कुणीही त्यांना खुळ्यात काढलं असतं. पण कोर्टात मिरचीत जन्म काढलेलं कुणी बसलेलं नव्हतं.

साक्षीच्या तारखेला मी पहाटेच्या गाडीनं धुळ्याला निघाले आणि निघताना माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक फक्त व्यापाऱ्याच्याच हातून होते. गाडीभाडं भरून धुळ्याला जायचं आणि नुसतं कोर्टात बसून परत यायचं, हे मला सोसवेना. नव्या मालाची पूड करून ठेवली होती. त्या पुडीचे चार नमुने वर्तमानपत्राच्या कागदात बांधले, वर दोरा गुंडाळला आणि कमरेच्या पिशवीत टाकले. कोर्ट आटोपलं की आग्रा रोडवरच्या चार दुकानांत दाखवू, असा बेत. ज्या पिशवीतून पुडी काढल्याचा आरोप होता त्याच पिशवीत पुड्या घालून मी त्याच आरोपाच्या तारखेला निघाले, आणि गाडीत भाकरी सोडताना, वाटेतले फाटे मागे टाकताना, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. नमुना माझ्यासाठी मिरची नव्हतीच, तो नमुना होता.

कोर्टाच्या दारात बघते तर रांग. त्या महिन्यात जिल्ह्यात मनाई हुकूम लागलेला होता आणि कोर्टात येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी सुरू केली होती. भिंतीवर हुकूम चिकटवला होता. तलवारी, भाले, सुरे, काठ्या, सोटे आणि शेवटी एक ओळ, शरीरास इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू. पुरुषांची रांग मोठी होती, तिकडे दोन शिपाई खिसे चाचपत होते. बायकांसाठी व्हरांड्याच्या कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केला होता. तिथे ती एकटीच होती. वय असेल पंचविशीचं. सावळी, उंच, इस्त्रीची खाकी साडी, केस घट्ट बांधलेले. चादरीच्या बाहेर, रांगेसमोर एक बाक, बाकावर वही, लाकडी पट्टी आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

त्या पत्रिका कशाला ते कळायला मला वेळ लागला नाही. माझ्या पुढच्या बाईकडे विळा निघाला. शेतातून थेट आली होती, कमरेला तसाच. पोलीस बाईनं पट्टीनं पात्याची लांबी मोजली, वहीत लिहिलं, एक पत्रिका वेडीवाकडी फाडली, अर्धी विळ्याला बांधली आणि अर्धी तिच्या हातात दिली. म्हणाली, जाताना हा तुकडा आणा, कडा जुळल्या की विळा तुमचा. त्या बाईला अक्षर येत नव्हतं. नंबर लिहून दिला असता तर तिला काही उपयोग नव्हता. फाटलेली कड मात्र कुणालाही कळते. मी मनात म्हटलं, ही पोर हुशार आहे.

मग एक म्हातारी काठी टेकत आली. हुकुमात काठी बंद. पोलीस बाईनं तिला त्या खांबापर्यंत काठीशिवाय चालून दाखवायला सांगितलं. म्हातारी दोन पावलं गेली आणि भिंतीला धरून थांबली. बाईनं उठून तिला धरून आणलं, काठी हातात दिली आणि आत सोडली. म्हातारीच्या मागे तिची धडधाकट सून होती, तिच्या हातात लोखंडी कड्याची काठी. तिनंही लंगडायला सुरुवात केली. पोलीस बाई म्हणाली, "तुमचा पाय रांगेत तर बरा होता." काठी बाकाखाली गेली.

आणखी एक गोष्ट मी बघितली. तिनं कुणाच्या अंगाला आधी हात लावला नाही. प्रत्येकीला म्हणायची, जे आहे ते तुमच्या हातानं काढून ठेवा. बायका आपणहून अडकित्ते, दाभण, सुऱ्या काढून ठेवायच्या. एखादी आढेवेढे घ्यायला लागली तरच ती उठायची, आणि तेव्हाही चादर नीट ओढून घ्यायची. पुरुषांच्या बाजूला आरडाओरड चालू होती. इकडे आवाज नव्हता. तो मी आणला.

माझी पाळी आली. मी भाकरीचं फडकं सोडून दाखवलं. भाकरीत ठेचा होता. तिनं बघितलं आणि चालेल म्हणाली. मग तिनं कमरेच्या पिशवीकडे बोट केलं, आणि तेव्हा मला पुड्या आठवल्या. तोवर मला खरंच आठवलं नव्हतं.

मी पुड्या काढल्या. तिनं एकेक हातात घेऊन दाबून पाहिली, दोऱ्याच्या गाठी बघितल्या, वास घेतला. विचारलं, काय आहे. मी म्हटलं, मिरचीचे नमुने. तिनं वही ओढली.

मी म्हटलं, लिहू नका. ती म्हणाली, लिहावं लागतं. मी म्हटलं, ठेचा चालतो आणि पूड चालत नाही, हा कुठला कायदा.

"ठेचा उडत नाही, आक्का," ती म्हणाली. "पूड उडते."

मी चिडले. चिडले की मी घरच्या बोलीत येते. म्हटलं, "हाई मन्ही मिरची शे, बॉम्ब नही. तुन्हा घरमा मिरची नही का?" रांगेतल्या बायका हसल्या. ती हसली नाही, चिडलीही नाही. पेनाचं टोपण काढून थांबली होती.

मी भाव करायला लागले. तोच माझा धंदा. आधी म्हटलं, पुड्या गटारात फेकून देते, मग नोंद कशाची. ती म्हणाली, आता मी बघितल्यात, फेकल्या तरी बघितल्याच. मग म्हटलं, वकिलांकडे देते. ती म्हणाली, वकीलही याच दारानं आत जातात. शेवटी मी पुढे वाकून हळू आवाजात म्हटलं की नोंद केली नाही तर एक किलो मिरची देईन, बिनदेठाची, यंदाची पहिली. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, भाव पटला.

ती म्हणाली, "नोंदीत दोन ओळी असतात. एकीत मी बघितलं ते, दुसरीत तुम्ही सांगता ते. दुसरी ओळ तुमची आहे. बोला, काय लिहू?"

तीस वर्षं सौदे केले, पण असा सौदा मला कुणी दिला नाही. मी सांगितलं, तिनं शब्द न बदलता लिहिलं. मग मला वही फिरवून वाचायला दिली. पहिल्या ओळीत होतं, वर्तमानपत्राच्या कागदाच्या चार पुड्या, आत मिरचीची पूड असल्याचे वासावरून दिसते, दोऱ्याच्या गाठी घट्ट, पुडी उघडलेली नाही, पक्षकाराने स्वतः काढून दिल्या. दुसऱ्या ओळीत, विक्रीचे नमुने असल्याचे पक्षकार सांगतात. सही केली. लग्नपत्रिकेचा तुकडा घेतला. आत जाताना वळून बघितलं तर पुरुषांच्या रांगेत तो फिर्यादी व्यापारी उभा होता. त्यानं सगळं बघितलं होतं. ओठांत हसत होता.

आमचं प्रकरण दुपारनंतर निघेल असं कळलं. मी व्हरांड्यात बसले. वकिलांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला आणि म्हणाले, तुम्ही खटल्याला आलात की बाजाराला. त्यांचंही बरोबर होतं.

दोनच्या सुमाराला पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा पोलीस बाई दिसली. उन्हात तोंड लाल, आणि उजवा डोळा त्याहून लाल. पाणी गळत होतं, पापणी फुगली होती. ती पदराच्या टोकानं पुसत होती आणि पुसल्यानं आग वाढत होती. मला बघताक्षणी कळलं. कागदाच्या पुडीतून बारीक धूळ झिरपते. तिनं पुड्या दाबून पाहिल्या, बोटांना लागली, मग घाम पुसला. आम्ही पथारीवरच्या बायका मिरचीचा हात डोळ्याजवळ नेत नाही, ते लहान मुलाला चालणं शिकवावं तसं पहिल्या दिवशीच शिकवतात. तिला कोण शिकवणार?

खरं सांगायचं तर मला तिची कणव नंतर आली. आधी भीती वाटली. हा डोळा जर न्यायाधीश साहेबांनी बघितला तर ते म्हणणार, या बाईची मिरची अशी आहे की पोलिसालाही सोडत नाही. मी धावत टपरीवर गेले, वाटीभर थंड दूध आणलं, पदराचा तुकडा फाडून बोळा केला आणि तिला म्हटलं, पाणी लावू नका, पाण्यानं आग पसरते, हा बोळा पाच मिनिटं डोळ्यावर ठेवा आणि बोटांना आधी तेल लावा. ती म्हणाली, पाच मिनिटं डोळा मिटून बसले तर दारावर कोण बघेल. मी म्हटलं, एका डोळ्यानं बघा. ती म्हणाली, एका डोळ्यानं अर्धी रांग दिसते. बोळा घेतला नाही. रांगेतल्या बाईला म्हणाली, पुढे या.

मी वाटी हातात घेऊन उभी. एवढा हट्टी माणूस मी आरशाशिवाय कुठे पाहिला नव्हता.

आमचं प्रकरण निघालं. फिर्यादीनं साक्ष दिली, पुडी पुडी करत. मग सरकारी वकील उठले आणि म्हणाले की आरोपी आजसुद्धा कमरेला मिरचीची पूड बांधून कोर्टात आली होती आणि दारावर त्याची नोंद आहे. साहेबांनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. त्यांनी वही, पुड्या आणि पोलीस बाई, तिघांना बोलावलं.

ती आली तशी उभी राहिली, सरळ. शपथ घेतली. वहीतल्या दोन्ही ओळी वाचल्या, माझी ओळही तितक्याच स्पष्ट आवाजात. सरकारी वकिलांनी विचारलं, ही पूड डोळ्यात गेली तर इजा होईल का. होईल, ती म्हणाली. फिर्यादीनं मान हलवली. मग त्यांनी विचारलं, आरोपीनं नोंद टाळायला सांगितलं का. हो, म्हणाली.

"कशी टाळायला सांगितली?"

"नोंद केली नाही तर एक किलो मिरची देईन, म्हणाल्या. बिनदेठाची."

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा हसला. साहेब हसले नाहीत, त्यांनी मला उभं करून चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. माझे कान तापले होते. बिनदेठाची म्हणायची काय गरज होती? एवढं बारीक कुणी विचारलं होतं? तेव्हा मला वाटलं, माझा परवाना या पोरीनं आपल्या हातानं फाडला, आणि तोही लग्नपत्रिकेसारखा.

ती खाली उतरायला निघाली, तेव्हा साहेबांनी तिला थांबवलं. त्यांचं लक्ष तिच्या डोळ्याकडे गेलं होतं. विचारलं, डोळ्याला काय झालं.

"सकाळी पुड्या हाताळल्या साहेब. नंतर घाम पुसला."

"पुडी उघडली होती?"

"नाही. गाठी तशाच आहेत. नोंदीत आहे."

साहेबांनी पुड्या पुढे मागवल्या. एकेक गाठ बघितली. मग तिच्या डोळ्याकडे बघून म्हणाले, म्हणजे बंद पुडीच्या बाहेर जी धूळ लागलेली असते, तेवढ्यानं हे झालं. ती म्हणाली, बोटांना जेवढी लागली तेवढीच. त्यांनी टेबलावरचा डॉक्टरांचा कागद उचलला, वाचला, खाली ठेवला. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तोच मजकूर त्यांच्या समोर खाकी साडीत उभा होता.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. जो डोळा मी दुधाच्या बोळ्यानं झाकायला गेले होते तो माझ्यासाठी उत्तर घेऊन आला होता. हातावरच्या धुळीनं डोळा सुजतो, हे सांगायला मला वर्षभर एक साक्षीदार मिळत नव्हता. आणि तिच्या उत्तरावर साहेबांनी शंका का घेतली नाही, तेही मला तिथेच कळलं. जी बाई माझ्या किलोभर मिरचीचं देठासकट सांगते, ती माझ्या बाजूनं खोटं बोलत नाही, हे कुणालाही पटावं. आधी मला उघडं पाडलं म्हणूनच तिचा शब्द मला तारू शकला. ती माझ्या बाजूची नव्हती, त्याच्याही नव्हती. मी जन्मभर माणसं बाजू बघून तोलली. हा तराजू मला नवा होता.

माझे वकील उत्साहात उठले. त्यांना तिला अजून दहा प्रश्न विचारायचे होते. मी मागून त्यांचा काळा डगला ओढला आणि म्हटलं, बसा. सौदा पटला की तोंड बंद ठेवायचं असतं. ते वैतागले, पण बसले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. पुडी घरून आणल्याचं सिद्ध झालं नाही, संशयाचा फायदा देऊन मला सोडलं. वकील पेढे मागत होते आणि मी भांडत होते. संशय कसला? निर्दोष म्हणा. त्या माणसानं खोटी पुडी उभी केली, वर्षभर मला धुळ्याच्या चकरा मारायला लावल्या, बाजारात माझं नाव मिरचीवाली गुंडीण पडलं, आणि मला काय मिळालं, तर फायदा, तोही संशयाचा. ही खदखद माझ्या मनात आजही आहे. तो माणूस कधी एक शब्द परत घ्यायला आला नाही.

तणतणत दाराशी आले. तपासणी अजून चालू होती, ती बाकावर बसली होती, डोळा बरा झालेला. दुपारची वेळ, बायकांची रांग संपली होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळा राग ओतला. म्हटलं, तुम्ही तर सगळं बघितलं, तुम्हाला माहीत आहे मी निर्दोष आहे, मग हा संशय कशाला.

ती शांतपणे म्हणाली, "मी तुम्हाला या दारावर बघितलं आक्का. बाजारात मी नव्हते."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी तिथेच दोन शब्द सुनावले असते. पण ही तीच होती, दोन ओळींची वही ठेवणारी. माझी ओळ मी वर्षभर सगळ्यांना लिहायला लावली होती, हात झटकला गेला म्हणून. वकिलांना, बाजारातल्या लोकांना, नवऱ्याला, देवालासुद्धा. बघितलेली ओळ फक्त मला माहीत होती. मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

म्हटलं, "पुडी नव्हती. देवाशपथ नव्हती. पण हात झटकला गेला नाही. मी झटकला. त्याच्या तोंडावर, बघून."

तिनं पेनाचं टोपण काढलं नाही, हे मी बघितलं. मग पहिल्यांदाच घरच्या बोलीत आली. तिचं गाव शिरपूरकडलं होतं, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

"त्यानी काय म्हनेल व्हतं, आक्का?"

मी तिला तो शब्द सांगितला. जो मी वर लिहिला नाही, कोर्टात सांगितला नाही, घरी सांगितला नाही. तिनं ऐकला. चेहरा बदलला नाही, पण हातातली पट्टी तिनं बाकावर जोरात ठेवली. मग पुन्हा कोर्टाच्या भाषेत आली आणि म्हणाली, "हे आत सांगायला हवं होतं. दोन्ही. शब्दही आणि हातही."

मी म्हटलं, कुणी विचारलं नाही.

ती म्हणाली, "न विचारता सांगायच्या गोष्टी असतात काही," आणि नव्यानं आलेल्या दोन बायकांना तिनं तपासणीला पुढे घेतलं. माझं तिच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं. पुढच्या वर्षी तिची बदली झाली असं ऐकलं. कुठे, ते कळलं नाही.

परवाना मार्चच्या अखेरीला नवा झाला. पहिल्याच लिलावाला मी उभी राहिले. समोर तोच, पांढरा सदरा, खांद्यावर रुमाल. मला बघून त्यानं रुमालाला हात घातला. मी बोली थांबवायला सांगितली आणि बाजारातल्या सगळ्यांसमोर, मापाड्यासमोर, हमालांसमोर म्हटलं की त्या दिवशी या माणसानं मला अमुक शब्द वापरला आणि म्हणून मी मूठ त्याच्या तोंडावर मुद्दाम झटकली, पुडी नव्हती. शब्द पूर्ण उच्चारला. कुणी हसलं नाही. एक म्हातारा आडत्या खाली बघत राहिला. पांढऱ्या सदऱ्यावाल्यानं रुमाल खांद्यावरून काढून खिशात घातला. माझा परवाना पुन्हा धोक्यात येईल का, हे त्या क्षणी मला माहीत नव्हतं, आणि आला नाही. मी ढिगात हात घातला, मिरची चुरली, बघितली, आणि बोली बोलले. त्याच्यापेक्षा चढी. तो ढीग मला महाग पडला, पण तो मी सोडला नाही.